पदर, सोयरीक आणि शुगरची गोळी

कराडजवळ वसंतगडाच्या पायथ्याला तळबीड नावाचं गाव आहे. मोहित्यांचं गाव. शहाजीराजांच्या राण्यांपैकी तुकाबाई या मोहित्यांच्या. त्यांचे भाऊ संभाजी मोहिते. संभाजींची मुलगी सोयराबाई शिवाजी महाराजांना दिली. मुलगा हंसाजी पुढे हंबीरराव म्हणून स्वराज्याचा सरसेनापती झाला आणि १६८७ मध्ये वाईच्या लढाईत पडला. सोयराबाईंचे चिरंजीव राजाराम, आणि राजारामांना दिली ती हंबीररावांची लेक ताराबाई. म्हणजे राजारामांनी सख्ख्या मामाची मुलगी केली, आणि मोहित्यांच्या वाड्यातून ओळीने तीन पिढ्या मुली भोसल्यांच्या घरी आल्या. औरंगजेबाशी झुंजणारी आणि १७६१ साली साताऱ्यात वारलेली ताराबाई सगळ्यांना ठाऊक असते. तिची सासू तिची सख्खी आत्या होती, हे मात्र इतिहासाच्या पुस्तकात एखाद्या ओळीत उरकलं जातं. त्याच सातारा जिल्ह्यात उत्तरेला फलटण. तिथल्या निंबाळकरांची सईबाई शिवाजी महाराजांची पहिली राणी. तिच्या मुलीचं, सखुबाईचं लग्न झालं ते सईबाईचे भाऊ बजाजी निंबाळकर यांच्या मुलाशी, महादजीशी. म्हणजे महादजीला आत्याची मुलगी मिळाली. इथे बजाजींना पुन्हा स्वधर्मात आणून सोयऱ्यांच्या पंगतीला बसवण्याची राजकीय गरज होती, हे खरं. पण ती गरज भागवायला महाराजांनी जे नातं निवडलं ते आते-मामे भावंडांचंच.

राजघराण्यांच्या सोयरिकी राजकारणासाठी होत, त्यावरून माणदेशातल्या कुणब्याच्या किंवा धनगराच्या घरात काय चालायचं हे कसं कळणार, अशी शंका कुणी काढली तर ती रास्त आहे. त्या घरांच्या वंशावळी कुणी लिहून ठेवल्या नाहीत. पण त्यांची भाषा उरली आहे. सातारा-सांगलीकडची जुनी सून सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणते आणि सासूला ‘आत्याबाई’. आत्याच्या नवऱ्यालाही या भागात मामाच म्हणतात. ज्या समाजात आत्याच्या घरी भाची सून म्हणून जाते, त्याच समाजात हे शब्द सासू-सासऱ्यांना चिकटू शकतात; परक्या घरातून आलेल्या मुलीला सासूला आत्या म्हणायचं काही कारण नाही. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्यामधला पट्टा मानलं, ते याच कारणाने. उत्तरेत आईच्या कुळातली मुलगी वर्ज्य, दक्षिणेत बहिणीच्या मुलीशीसुद्धा लग्न चालतं, आणि मध्ये मराठी मुलूख: मामाची मुलगी चालते, नव्हे तिच्यावर आतेभावाचा हक्कच, पण आत्याची मुलगी करायची तर पुष्कळ घरांत नाक मुरडलं जाई. ज्या घरात आपली मुलगी दिली त्या घरातून मुलगी आणू नये, वेल माघारी फिरवू नये, असा तो समज. चाल जुनी आहे. बौधायन धर्मसूत्र दक्षिणेकडच्या लोकांच्या खास आचारांत मामाच्या आणि आत्याच्या मुलीशी लग्न हे मोजतं, आणि अर्जुनाने केलेली सुभद्रा तरी कोण? कुंतीचा भाऊ वसुदेव, त्याची लेक. उलट सांगली संस्थानाचे पटवर्धन चित्पावन, त्यांच्यात मामाची मुलगी बहिणीसारखी. १८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धन मिरजेहून वेगळे होऊन सांगलीला आले तेव्हापासून त्या एकाच गावात हे दोन्ही रिवाज शेजारी शेजारी नांदत आले: वाड्यात जे वर्ज्य, ते पेठेत हौसेनं. आणि जतच्या पलीकडे कानडी मुलूख सुरू झाला की मामा-भाचीचं लग्नही कुणाला खटकेना.

हा लग्नांचा इतिहास सांगायचं कारण औषधाचं आहे. मधुमेहाची एकच गोळी, एकाच ताकदीची, दोन माणसांनी घेतली तर एकाच्या अंगात ती दुपारपर्यंत संपते आणि दुसऱ्याच्या अंगात दुसऱ्या दिवशीही उरते, असं का होतं याचं एक उत्तर जनुकांत आहे. आणि कुठली जनुकं कुणाच्या वाट्याला जोडीने येतात हे ठरवलं लग्नांनी. योगायोग असा की या शास्त्राचा उगमही आते-मामे भावंडांच्या लग्नातच सापडतो. १९०२ साली आर्चिबाल्ड गॅरड या इंग्रज डॉक्टरने अल्काप्टोन्युरिया नावाच्या एका विकारावर लेख लिहिला. या विकारात लघवी हवेत राहिली की काळी पडते. गॅरडच्या ध्यानात आलं की अशा मुलांचे आईबाप पुष्कळदा सख्खी चुलत-मावस-आते-मामे भावंडं असतात. विल्यम बेटसनने त्याला मेंडेलचा नियम जोडून दिला: दोष दोन्हीकडून आला तरच दिसतो. गॅरड तिथेच थांबला नाही. प्रत्येक माणसाची शरीरातली रसायनं थोडी वेगळी चालतात, आणि औषध कुणाला किती लागू पडतं हाही त्याच वेगळेपणाचा भाग असणार, हा त्याचा तर्क होता. त्या तर्कावर उभ्या राहिलेल्या शाखेला फ्रीडरिश फोगेलने १९५९ मध्ये नाव दिलं, ते आज मराठीत औषध-जनुकशास्त्र म्हणून वापरलं जातं. म्हणून मधुमेहाच्या गोळीचा विषय निघाला की ‘नात्यात लग्नं करतात, मग असं होणारच’ असा निष्कर्ष लगेच काढला जातो. या लेखाचं म्हणणं निराळं आहे. शुगरच्या गोळीपुरतं बोलायचं तर मामाची मुलगी ही दुय्यम गोष्ट आहे. खरा जोर आहे तो तिच्याबाहेरच्या मोठ्या कुंपणाचा, म्हणजे पोटजातीत लग्न करण्याच्या शेकडो वर्षांच्या रिवाजाचा.

आधी गोळी बघू. १९४२ साली फ्रान्समधल्या माँपेलिए इथे मार्सेल जांबों हे डॉक्टर विषमज्वराच्या रुग्णांना सल्फा जातीचं एक नवं औषध देऊन पाहत होते. रुग्णांना दरदरून घाम सुटू लागला, भोवळ येऊ लागली, काही दगावले. रक्तातली साखर कोसळत होती. त्यांचे सहकारी ऑग्युस्त लुबातिएर यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. तिथून पन्नाशीच्या दशकात टॉल्ब्युटामाइड आलं, पुढे ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिमेपिराइड. आज साताऱ्या-सांगलीच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात ‘शुगरची गोळी’ मागितली की पाकिटात बहुधा दोनच नावं असतात, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, कधी दोन्ही एकाच गोळीत. या दोघांची अंगातली वाट मात्र अगदी वेगळी. ग्लिमेपिराइड यकृतात मोडलं जातं, आणि ते मोडणाऱ्या विकराचं नाव आहे सीवायपी-टूसीनाइन. या विकराच्या जनुकाच्या काही प्रती आळशी निघतात. त्यातली ‘स्टार-थ्री’ नावाची प्रत सगळ्यांत आळशी. दोन्हीकडून स्टार-थ्री आलेल्या माणसाचं शरीर ग्लिमेपिराइडच्याच जातीच्या टॉल्ब्युटामाइडचा निचरा इतरांच्या जवळपास सहाव्या हिश्श्याच्या वेगानं करतं. स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या मोठ्या नोंदींतून २०१० साली दिसलं की दोन आळशी प्रती असलेल्या रुग्णांची साखर या गोळ्यांवर ठरल्या मर्यादेत येण्याची शक्यता इतरांच्या तिपटीहून जास्त होती. ऐकायला हे वरदान वाटतं. पण उसाच्या फडात सकाळी दोन मिलीग्रॅमची गोळी घेऊन उतरलेल्या आणि भाकरीला दुपारचे दोन वाजवणाऱ्या माणसाच्या बाबतीत त्याचा अर्थ वेगळा होतो. कोयता धरलेला हात थरथरतो, अंगाला गार घाम फुटतो, जीभ जड होते, आणि भोवतालची माणसं म्हणतात ऊन लागलं. सावलीत नेऊन पाणी पाजतात. त्या वेळी त्याला लागतो तो फडातच उभा असलेल्या उसाचा एक करवा.

मेटफॉर्मिनची गोष्ट उलटी. १९२२ साली डब्लिनमध्ये पहिल्यांदा तयार झालेलं आणि १९५७ मध्ये झां स्टर्न यांनी मधुमेहावर वापरून दाखवलेलं हे औषध शरीर मोडतच नाही. जसं आत येतं तसंच मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. त्याला यकृताच्या पेशीत शिरायला मात्र एक वाहक प्रथिन लागतं, ओसीटी-वन. त्याच्या जनुकाच्या दुबळ्या प्रती असल्या की औषध आतड्यातच रेंगाळतं आणि मळमळ, जुलाब यांचा त्रास होण्याची शक्यता वाढते, असं डंडीच्याच अभ्यासातून २०१५ मध्ये पुढं आलं. साखर किती उतरते यावर त्याच वाहकाचा परिणाम आधीच्या अभ्यासात दिसला नव्हता. मेटफॉर्मिनला मिळणाऱ्या प्रतिसादातल्या फरकाचा वीस ते चौतीस टक्के वाटा वारशाचा, असा अंदाज २०१४ मध्ये निघाला. पण तो वाटा एका जनुकाचा नाही, पुष्कळ जनुकांची चिमूट चिमूट आहे. म्हणून पुढचा हिशेब ग्लिमेपिराइडचा, आणि स्टार-थ्रीचा.

भारतीय उपखंडातल्या नमुन्यांत स्टार-थ्रीचं प्रमाण साधारण दहा प्रतींत एक, युरोपापेक्षा थोडं जास्तच. प्रत्येकाकडे जनुकाच्या दोन प्रती, एक आईची एक बापाची. लग्नं कुणाशीही होत असतील तर दोन्ही प्रती स्टार-थ्री असण्याची शक्यता एक दशांश गुणिले एक दशांश, म्हणजे शंभरात एक. आता मामाच्या मुलीशी लग्न झालं. नवरा-बायकोचं एक आजी-आजोबांचं जोडपं समाईक, त्यामुळे त्यांच्या मुलाला एकाच पूर्वजाची तीच प्रत दोन्ही बाजूंनी मिळण्याची शक्यता सोळात एक. हे धरून हिशेब केला तर दोन आळशी प्रतींची शक्यता शंभरात एकवरून शंभरात दीडच्या किंचित वर जाते. बस्स, एवढीच. याउलट समजा, एखादी पोटजात दोन-चार शतकांपूर्वी मोजक्या घरांतून वाढली आणि त्या मूळ घरांत योगायोगानं स्टार-थ्री थोडं जास्त होतं, दहात एकऐवजी पाचात एक. मग त्या पोटजातीत एकही लग्न नात्यात झालं नाही तरी दोन आळशी प्रतींची शक्यता शंभरात चार होते. सख्ख्या मामाच्या मुलीनं जे साधलं नाही ते कुंपणानं साधलं. विरळ जनुकाचा हिशेब मात्र अगदी पालटतो. हजारात एक असलेली प्रत घ्या: परक्या घरातल्या लग्नात जोडीनं यायची शक्यता दहा लाखांत एक, मामाच्या मुलीच्या लग्नात ती सोळा हजारांत एकच्या आसपास, साठपटीहून जास्त. गॅरडने पाहिलेला विकार असाच विरळ होता, म्हणून त्याला आईबापांचं नातं दिसलं. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे मांडलेला ‘बॉम्बे’ रक्तगटही तसाच. मुंबईत तो सुमारे ७,६०० माणसांत एकाचा, आणि त्याची माणसं शोधताना आईबाप नात्यातले निघाले याचं नवल कुणाला वाटलं नाही. विरळ गोष्टींनी शिकवलेला धडा आपण सरसकट सगळीकडे लावतो. गोळीच्या बाबतीत चूक होते ती इथे.

एक अपवाद सांगितला पाहिजे, कारण तो नेमका ‘माघारी वेला’च्या समजुतीला जाऊन भिडतो. मामाची मुलगी केली काय नि आत्याची केली काय, बहुतेक जनुकांना त्याचा फरक कळत नाही; हिशेब दोन्हीकडे सोळात एकच. फक्त एक्स गुणसूत्राला कळतो. पुरुषाला एक्स मिळतो तो आईकडूनच. मामाच्या मुलीशी लग्न झालं तर नवऱ्याच्या आईचा आणि बायकोच्या बापाचा एक्स एकाच बाईकडून आलेला असू शकतो, म्हणून त्यांच्या मुलीला तोच तुकडा दोन्हीकडून मिळण्याची शक्यता आठात एक. आत्याच्या मुलीच्या लग्नात त्या नात्यातून ती शक्यता शून्य, कारण नवरा बायकोचा नातलग ठरतो तो बापाच्या बाजूनं, आणि बापानं मुलाला एक्स दिलेलाच नसतो. आता जीसिक्सपीडी या विकराचं जनुक एक्सवरच बसलेलं आहे. ते विकर कमी असलं की काही औषधांनी तांबड्या पेशी फुटतात, आणि ग्लिमेपिराइडच्या जातीच्या गोळ्यांच्या अमेरिकी माहितीपत्रकात नेमका हाच इशारा छापलेला असतो. शिवाय पेशी कमी दिवस जगल्या तर तीन महिन्यांची साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी खरी असेल त्याहून कमी आकडा दाखवते. पुरुषाला एकच एक्स, त्यामुळे त्याच्या बाबतीत आईबापाच्या नात्यानं काही बिघडत नाही. फरक पडतो तो मुलींना. म्हणजे समाजानं जी दिशा पसंत केली तीच या एका जनुकापुरती बायकांना थोडी महाग, आणि जी नाकारली ती स्वस्त. वेलाचा नियम करणाऱ्यांच्या मनात हे होतं, असं अर्थात नव्हे.

आता कुंपणाकडे. ते किती जुनं, आणि आत किती वाफे? कर्वे आणि त्यांचे विद्यार्थी कैलाश मल्होत्रा यांनी १९६८ मध्ये महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची शारीरिक मोजमापं आणि रक्तगट ताडून पाहिले. एकाच दर्जाच्या, बाहेरून एकच वाटणाऱ्या या गटांत फरक निघाला. कर्वे यांचा मुद्दा असा की मोठी जात फुटून पोटजाती झाल्या असं नेहमी धरतात, पण मुळात छोटे छोटे गटच वेगळे होते आणि वरची जात हे त्यांना दिलेलं समाईक नाव आहे. मल्होत्रांनी पुढे धनगरांकडे मोर्चा वळवला, आणि सातारा-सांगलीला हा अभ्यास अगदी लागून आहे. कोयनेच्या खोऱ्यात, पाटण-जावळीच्या माथ्यावर म्हशी राखणारे गवळी धनगर. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या पट्ट्यात मेंढरांमागं फिरणारे हटकर. घोंगड्या विणणारे खुटेकर. सरकारी कागदात सगळे धनगर, पण लग्नाला एकमेकांचा पदर लागत नाही. असे वीसहून अधिक गट महाराष्ट्रात आहेत, आणि रक्तातल्या खुणांत त्यांच्यात फरक आढळला. पुढे जनुकांची मोजणी स्वस्त झाली तसा काळाचाही अंदाज आला. हैदराबादच्या आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवलं की सुमारे चार हजार ते एकोणीसशे वर्षांपूर्वीपर्यंत उपखंडातले लोक एकमेकांत मुक्तपणे मिसळत होते. मग ते थांबलं. कल्याणीच्या जनुकशास्त्र संस्थेतल्या पार्थ मजुमदार यांच्या गटानं २०१६ मध्ये वरच्या जातींतलं हे थांबणं सत्तर पिढ्यांपूर्वी, गुप्तांच्या काळात ठेवलं. त्यात मराठा नमुने थोडे निराळे पडले: त्यांच्यातली सरमिसळ चालुक्य-राष्ट्रकूटांच्या काळापर्यंत चालू राहिलेली दिसली. तळबीडच्या मोहित्यांपर्यंत यायला तिथून आणखी सात-आठशे वर्षं आहेत.

आणि कुंपणानं औषधाचं काय होतं याचं ढळढळीत उदाहरण महाराष्ट्राबाहेर, पण फार लांब नाही. आंध्र-तेलंगणातल्या आर्य वैश्य समाजात शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी दिलेलं सक्सामिथोनियम काही मिनिटांत उतरायचं ते तासन् तास उतरत नाही, अशी माणसं वाजवीपेक्षा जास्त सापडतात, कारण ते मोडणारं विकर त्यांच्यात नसतं. तिकडचे भूल देणारे डॉक्टर हे जाणून असतात. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ गटांपैकी ८१ गटांत मोजक्या पूर्वजांचा ठसा फिनलंडच्या किंवा अश्केनाझी ज्यूंच्या ठशाहून खोल निघाला. त्यातल्या चौदा गटांची लोकसंख्या प्रत्येकी दहा लाखांच्या वर. आर्य वैश्य त्यातलेच. तिथे ही कमतरता नात्यातल्या लग्नांनी आणलेली नाही. मूळच्या थोड्या घरांची ती देणगी आहे, आणि पिढ्यान् पिढ्या आतल्या आत लग्नं झाल्यानं जपली गेली.

यावर सगळ्यांत मोठी हरकत येते ती अशी: मग डॉक्टरने केसपेपरवर जात लिहून घ्यावी आणि तिच्यावरून गोळी ठरवावी, असंच ना? अजिबात नाही, आणि यात केवळ सभ्यतेचा प्रश्न नाही, हिशेबाचाही आहे. वरच्या उदाहरणातल्या त्या कल्पित पोटजातीतसुद्धा दोन आळशी प्रती शंभरात चौघांच्या. उरलेल्या शहाण्णवांना जातीवरून कमी गोळी दिली तर त्यांची साखर चढीच राहणार. आणि शेजारच्या जातीतला तो शंभरातला एक, जात बघून पुरती गोळी मिळाल्यानं, फडात पडणार. स्टार-थ्री कुठल्या एका जातीची मिरास नाही, ती सगळीकडे आहे. कुंपणानं फक्त तिचं पारडं इकडे-तिकडे झुकवलं. कर्वे यांचा निष्कर्षही हेच सुचवतो: ‘धनगर’, ‘ब्राह्मण’, ‘मराठा’ ही कागदावरची नावं इतक्या वेगवेगळ्या गटांना झाकतात की औषधासाठी ती निरुपयोगी ठरतात. जात हे या जनुकांच्या इतिहासाचं कारण आहे. त्यांची मोजपट्टी ती होऊ शकत नाही.

दुसरी हरकत दवाखान्यातून येते, आणि ती जास्त वजनदार आहे. चांगला डॉक्टर ग्लिमेपिराइड एक मिलीग्रॅमनं सुरू करतो, पंधरा दिवसांनी साखर बघतो, मग वाढवतो. आळशी प्रतीचा माणूस या रीतीनं आपोआप कमी गोळीवर थांबतो. जनुक बघायची गरजच काय? जिथे माणूस पंधरा दिवसांनी परत येतो तिथे ही हरकत मान्य. पण कोयनेच्या वरच्या अंगाच्या धनगरवाड्यावरून पाटणला यायला दिवस मोडतो, आणि ऊस तोडायला गेलेली टोळी महिनोन् महिने परमुलखात असते. तिथे शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून तीच गोळी आणली जाते. ‘त्याला चालते तर मला का नाही’ हा प्रश्न जनुकांनी खोटा पाडला आहे, एवढं त्या चिठ्ठीवर कुणी लिहीत नाही. ही औषधं गोऱ्यांवर तपासली, आपल्यावर नाही, ही तक्रार मात्र पूर्ण खरी नाही. १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ज्या मोठ्या चाचणीवर आजचे उपचार उभे आहेत, तिच्या ५,१०२ रुग्णांत दर दहांत एक भारतीय वंशाचा होता. कमतरता आहे ती निराळीच. जगभर वापरल्या जाणाऱ्या हजार जीनोम प्रकल्पात उपखंडातले पाच गट आहेत: लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, ह्यूस्टनचे गुजराती, ब्रिटनमधले तेलुगू आणि श्रीलंकेचे तमीळ. मराठी एकही नाही. पुण्याच्या रुग्णांवरून टीसीएफसेव्हनएलटू या मधुमेहाच्या जनुकाचा भारतातला प्रभाव २००६ मध्ये हैदराबादच्या आणि पुण्याच्या शास्त्रज्ञांनी दाखवला, आणि त्याच जनुकाची जोखमीची प्रत दोन्हीकडून आलेल्या स्कॉटिश रुग्णांत ग्लिमेपिराइडच्या जातीच्या गोळ्या कमी पडतात हे डंडीने पुढच्या वर्षी दाखवलं. या दोन टोकांमधला माणदेश अजून रिकामा आहे. देशातल्या ऐंशीहून अधिक गटांतल्या सुमारे दहा हजार माणसांचे जीनोम वाचणाऱ्या सरकारी प्रकल्पाची माहिती २०२५ च्या जानेवारीत खुली झाली, त्यानं ती जागा थोडी तरी भरेल.

तिसरी हरकत काळाची. मामाची मुलगी आता कोण करतं? खरं आहे, मुली शिकल्या, लांब नोकरीला गेल्या, आणि आतेभावाचा हक्क हा आता लग्नात चेष्टेचा विषय उरला आहे.  पूर्वी सातारा-सांगलीच्या कुठल्याही गावात जितकी मामे-आते लग्नं सापडली असती त्याच्या आसपास आज सापडणार नाहीत. पण याच हरकतीनं आधीचा मुद्दा पक्का होतो. नात्यातलं लग्न एका पिढीत सोडता येतं आणि त्याचा परिणामही एका पिढीत निघून जातो: परक्या घरातली सून आली की त्या सोळाव्या हिश्श्याचा हिशेब शून्यावर येतो. कुंपणाचं तसं नाही. २०११-१२ च्या देशव्यापी पाहणीत दुसऱ्या जातीत झालेली लग्नं जेमतेम पाच टक्के निघाली. मामाचं घर सुटलं तरी पोटजात सुटली नाही, आणि साताऱ्याची मुलगी पुण्यातल्या संगणकाच्या कंपनीत असली तरी तिच्यासाठी येणारी स्थळं पदर लागणारीच असतात.

वधू-वर सूचक मंडळांतून फिरणारा तिचा बायोडाटा बघावा. वर गणपती, खाली नाव, जन्मवेळ, उंची. मग ‘कुळी’. मग ‘देवक’: कळंब, पंचपल्लव, काय असेल ते. मग ‘मामा’, त्यांचं गाव आणि कूळ. खाली ‘नातेसंबंध’ म्हणून आडनावांची ओळच्या ओळ, मोहिते, निंबाळकर, घोरपडे, जाधव, म्हणजे वाचणाऱ्यानं पदर कुठे कुठे लागतो ते पारखून घ्यावं. आणि या सगळ्याच्या मध्येच कुठेतरी, उंची आणि शिक्षणाच्या शेजारी, ‘रक्तगट’ हाही एक रकाना असतो, बी पॉझिटिव्ह वगैरे. तो कुणी वाचत नाही.